बोर्गहिल्डचे हातमोजे

मादागास्करच्या अनाथाश्रमासाठी बोर्गहिल्डने जन्मभर लोकरीचे हातमोजे विणले. नॉर्वेतल्या तिच्या गावात दर हिवाळ्याला प्रार्थनाघरात ते विकायला मांडत आणि आलेले पैसे आश्रमाला पाठवत. पूर्वी झुंबड उडायची. यंदा ती आणि तिची मैत्रीण रांग्ना वॉफल भाजून दिवसभर बसल्या, पण कुणी फिरकलं नाही.

“दुकानात स्वस्त मिळतात गं. आपले कोण घेणार?” रांग्ना म्हणाली.

“लोक हातमोज्यांसाठी थोडेच घ्यायचे? आश्रमातल्या पोरांसाठी घ्यायचे.”

“पोरांची आठवण असणारे सगळे कबरस्तानात गेले, बये.”

संध्याकाळी पाद्री आले. आश्रम बंद पडल्याचं तिकडून कळलंय, असं त्यांनी सांगितलं.

“मग लेकरं कुठे गेली?” बोर्गहिल्डने विचारलं.

“कुणालाच माहीत नाही,” पाद्री म्हणाले.

घरी येऊन तिने सवयीने सुया हातात घेतल्या, पण एक टाकाही घालवेना.