सागरचा शेवटचा सामना आणि माझी किटलीएवढी लेन्स

फोटो काढल्यावर त्यात माणूस दिसावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

आमचा धाकटा, सागर, पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळायचा. (कोल्हापुरात कुस्ती असो नाहीतर फुटबॉल, पोरगं तालमीचंच!) नोकरीसाठी बेंगळुरूला निघालेला, म्हणून तो त्याचा शेवटचा सामना. आणि घरात त्याचा खेळतानाचा एक फोटो नाही! जयसिंगपूरच्या जाऊबाईंच्या हॉलमध्ये मात्र त्यांच्या लेकाचा बॅट घेतलेला केवढा तरी फोटो. तो पहिल्याच चेंडूवर आऊट होतो, ते फोटोत दिसत नाही!

कॅमेरा पुतण्याचा मिळाला. लेन्स भाड्यानं आणायला मी आणि आमचे हे दुकानात गेलो. दुकानदार सगळं ह्यांनाच सांगत बसला. मी जणू पिशवी धरायला आलेली!

"गॅलरीतनं काढणार न्हवं काका? मग ही मधली घ्या. जवळचं बी येतंय, लांबचं बी. आणि काकूंना झेपंल."

झेपंल? वर्षाचं तिखट एकटीनं कांडून आणणाऱ्या बाईला, झेपंल? माझं डोकंच फिरलं.

"ती कपाटातली मोठी काढ."

"ती पाखरांसाठी हाय मावशी! ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावरचं पाखरू टिपतीया."

"अगं, तो मधली घ्या म्हणतोय की..." हे पुटपुटले.

"तुम्ही गप बसा! तीच दे रे!"

लेन्स कसली, दुधाची किटली होती ती! सामन्याच्या दिवशी आमच्या पेठेच्या लोकांत बसून मी ऐटीत डोळा लावला. सागर आमच्याच कडेनं पळत होता.

"दिसला काय?" ह्यांनी विचारलं.

"कान दिसतोय."

"कुणाचा?"

"मला काय ठावं! असंल लाइन्समनचा!"

"मग जरा बारीक कर की चित्र."

"हिला बारीक-मोठं करायचं कायच न्हाई!" मी खेकसले. (दुकानदारानं हे सांगायला नको होतं? सांगितलं असेल. ऐकतंय कोण!)

मागं सरकत सरकत आम्ही सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलो. कान गेला, अर्धी पाठ आली. मग मध्यंतरात मीच हुकूम सोडला, "चला, पलीकडच्या गॅलरीत! लांबनं तरी अख्खा दिसंल!"

"अगं बाई, ती समोरच्या पेठेची माणसं हायत! मार खायचा हाय का?"

"लेकाच्या फोटोसाठी मी कुठंबी बसंन!"

गेलो. मध्यंतरानंतर दोन्ही टीम बाजू बदलतात, हे कोल्हापुरात पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण रागात डोकं चालतंय होय? सागर आता ह्या कडेला, आमच्या नाकासमोर! पुन्हा कान!

त्यात ती किटली बघून एकजण ओरडला, "पेपरवाल्या बाई हायत रं! पावण्यास्नी पुढं बसवा!" आणि मला उचलून नेल्यासारखं पहिल्या रांगेत बसवलं. आणखी जवळ! वर चहा!

"आमच्या धा नंबरचा झ्याक काढा हं म्याडम!"

"काढतोय की," हे म्हणाले! चहाला जागणारा माणूस! मी असं बघितलं ह्यांच्याकडं, की चहा त्यांच्या घशातच अडकला.

तेवढ्यात सागरला बॉल मिळाला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि गोल! मी किटली ह्यांच्या मांडीवर आदळली, उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "सागऱ्याऽऽ! माझ्या वाघाऽऽ!"

सगळ्या गॅलरीच्या माना माझ्याकडं वळल्या.

मागून शांतपणे एकानं विचारलं, "मावशी, तुमचा पेपर कुठल्या पेठेत निघतोय म्हणायचा?"

"पेपर गेला खड्ड्यात! माझा पोरगा हाय त्यो!"

मारलं नाही कुणी. हसले मेले. त्याचाच जास्त राग आला.

घरी येऊन कॅमेरा बघितला. गवत, गवत, एक बूट, धा नंबरची मांडी आणि कान. (सागर म्हणाला, तो कानही त्याचा नव्हे!) मी जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्या पेठेच्या मोबाईलवर एक फोटो फिरला. समोरच्या पेठेच्याच कुणीतरी काढलेला. आजूबाजूला आणि मागं सुतकी चेहऱ्यांची माणसं आणि मधोमध पदर खोचून, दोन्ही हात वर केलेली मी.

"आई, माझ्या गोलचा ह्याच्यापेक्षा चांगला फोटो कुणाला निघायचा न्हाई," म्हणत सागर तो फ्रेम करून बेंगळुरूला घेऊन गेला.

त्यात सागर कुठंच नाही. माझ्या दाढेत भरलेली चांदी मात्र लख्ख आलीया.