मथुराबाईंच्या बिननावाच्या बाटल्या

मथुराबाई कुणालाही 'या, बसा' म्हणत नसत. दार उघडलं की आधी आलेल्याच्या नाकाखाली काचेची बाटली धरत आणि विचारत, "सांगा काय हाय." माणूस लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असो की विजेचं मीटर बघायला, परीक्षा चुकत नसे. बाटलीत हिरवट नाही तर तांबूस भुकटी असे. उत्तर बरोबर आलं तर चहा मिळे. चुकलं तरी चहा मिळेच, पण त्याबरोबर ठरलेलं वाक्य ऐकावं लागे: "नाक हाय का नुसतं चष्मा ठेवायला?"

अद्वैत, रेणू, तुम्ही तिकडे हिवाळाभर ज्या पाकिटातलं सूप पिता, ते या बाईंनी केलेलं. पाकिटावर तुमच्या आजीचं, म्हणजे माझं, अक्षर आहे म्हणून श्रेय मला देऊ नका. आता त्या नाहीत, तेव्हा त्यांच्याविषयी खरं लिहायला हरकत नाही. त्यात माझा एक स्वार्थही आहे. तो वाचता वाचता कळेल.

देवळाली प्रवरेत आमची घरं भिंतीला भिंत लावून. त्यांची जमीन कालव्याखालची, त्यामुळे ऊस, आणि उसाच्या कडेने भाजी. यजमान गेल्यावर ऊस त्यांनी पुतण्याकडे सोपवला, भाजी मात्र स्वतःकडे ठेवली. एकट्या बाईला एवढी भाजी कशाला, असं विचारण्याचा मूर्खपणा मी एकदा केला. "म्याडम, उन्हाळ्यात पालक मिळत न्हाई," त्या म्हणाल्या, "तवा तुमी काय इंग्रजी चावणार?" मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, हे त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही.

भाजी वाळवायला त्यांनी माझी गच्ची मागितली नाही. एके सकाळी मी वर गेले तर तिथे गाजरं होती. त्यांच्या गच्चीवर दुपारनंतर कडुलिंबाची सावली येते, माझ्या गच्चीवर येत नाही, एवढा खुलासा त्यांना पुरेसा वाटला. मग माझं काम वाढलं. गाजर आणि कोबी बारीक चिरून, उकळत्या मिठाच्या पाण्यातून काढून, निथळून, जुन्या सुती पातळांवर पसरायचा; वर मच्छरदाणी. पालक, शेवग्याचा पाला, कढीपत्ता सावलीत, नाही तर रंग उडतो. कांदा सगळ्यांपासून दूर, कारण तो शेजाऱ्यांना आपला वास लावतो. ("तुमच्यासारखाच," मी म्हणाले होते. त्या दिवशी चहा मिळाला नाही.) पानाचा हातात चुरा झाला आणि गाजराचा तुकडा ताटलीत खडखडला की वाळलं. ते गार करून मिक्सरमधून काढायचं, भाजलेल्या मूगडाळीचं पीठ, मिरे, जिरे आणि मीठ मिसळायचं, की सुपाची भुकटी तयार.

हे सगळं त्या एकाच मापाच्या कॉफीच्या बाटल्यांत भरत आणि एकाही बाटलीवर नाव लिहीत नसत. माझ्या घरात साखरेवर 'साखर' लिहिलेलं असतं, हे तुम्ही पाहिलं आहे आणि त्यावर हसलाही आहात. मी एकदा चिठ्ठ्या आणि डिंक घेऊन गेले. त्यांनी मला पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाटल्यांचं बारसं करायला आलात व्हय? झाकण उघडायचं, वास घ्यायचा, कळतं." मी चिठ्ठ्या परत आणल्या.

त्यांचा मुलगा दिलीप पुण्यात राहतो, माझाच विद्यार्थी. इंग्रजीत भूतकाळ त्याला कधी जमला नाही, भविष्यकाळ मात्र तो मोठ्या हौसेने बोलतो. आईला आपल्या अकराव्या मजल्यावर न्यायचं, हा त्याचा भविष्यकाळ. मुलगा चांगला आहे. फक्त आईचं कसं होईल या काळजीने त्याला आईकडे बघायला वेळ होत नसे. मथुराबाई एकदाच त्या फ्लॅटवर राहून आल्या. "ऊन खिडकीशी येतं," त्यांनी सांगितलं, "आन् चहा न घेताच जातं." तिथे काय वाळत घालणार? त्यानंतर दिलीप निमित्त शोधत होता आणि त्या ते सापडू देत नव्हत्या. गुडघा दुखला तर लंगडणं त्याच्या फोनपुरतं बंद होई, जणू ते फोनवरून दिसणार होतं.

मग एका पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि आठवडाभर मुक्कामाला राहिला. त्यातून उठल्यावर त्यांचा स्वभाव सुधारला, असं मला वाटलं. रोज सकाळी मला हाक येऊ लागली. ओट्यावर बाटल्या रांगेत असत. त्या एकेक नाकाखाली धरत, मी उत्तर देई, त्या "बराबर" म्हणून ती बाटली जागेवर ठेवत. एकदाही चष्म्याचं वाक्य आलं नाही. इतक्या वर्षांनी आपलं नाक तयार झालं, याचा मला अभिमान वाटला. तुमच्या बाबांना मी ते फोनवर सांगितलंही. त्यांनी 'वा' म्हटलं आणि रेणूला दात घासायला पाठवलं.

दिवाळीआधी दिलीप आणि त्याची बायको सीमा येऊन गेले, तो दिवस मात्र मला लख्ख आठवतो. सकाळी मी नगरला दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते, त्यामुळे परीक्षा झाली नव्हती. परतले तेव्हा मथुराबाईंनी मला जेवायला बोलावलं. पालकाचं सूप केलं होतं. दारातच माझं नाक चुरचुरलं. त्या शेगडीपाशी, थेट वाफेवर वाकून पातेलं ढवळत होत्या आणि दिलीपला पालकाचे गुण समजावून सांगत होत्या. करताना चव बघणाऱ्या बायकांना त्या कच्च्या समजत. त्यामुळे चव बघण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या घोटाला सीमा खोकू लागली. दिलीपच्या डोळ्यांतून पाणी आलं. पातेल्यात पालक नव्हता, वाळवलेल्या हिरव्या मिरचीची भुकटी होती. मी मथुराबाईंकडे पाहिलं. त्या अजूनही त्या वाफेत उभ्या होत्या, हसऱ्या चेहऱ्याने, त्यांना काहीच होत नव्हतं. मग आमचे चेहरे दिसले आणि हसू गेलं.

"आई," दिलीपने वाटी खाली ठेवली, "घरभर ठसका उठलाय. तुला वास नाही आला?"

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. दिलीप शेगडीकडे बघत होता, मग खालच्या गॅसच्या टाकीकडे. त्याचा भविष्यकाळ तयार होत होता, ते मला दिसलं.

"त्यांना कशाला विचारतोस?" मी म्हणाले. "बाटली मी दिली. माझ्याकडे वाळत होतं ते. मीच भरली, मीच पालक म्हणून आणली. त्यांना सर्दी झालीय, म्हणून माझ्यावर विसंबल्या."

मुलांनो, मी साखरेवर 'साखर' लिहिणारी बाई. दिलीपने निदान क्षणभर तरी शंका घ्यायला हवी होती. त्याने घेतली नाही. त्याने अतिशय मायेने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मॅडम, होतं असं या वयात. आता जपा." सीमाने मला बदाम खायला सांगितले. जाताना त्याने अंगणात उभं राहून तुमच्या बाबांना फोन लावला.

गाडी गेल्यावर मथुराबाई ओट्याला टेकून बसल्या. आभार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यांनी ते केलंही नाही.

"तापापासनं काईच येत न्हाई," त्या म्हणाल्या. "कांदा जळला तरी कळत न्हाई, मिरचीबी झोंबत न्हाई. नाक नुसतं चष्मा ठेवायला राह्यलंय."

"गॅसचा वास?"

त्यांनी मान हलवली.

मी माझ्या अटी सांगितल्या. डॉक्टरांना दाखवायचं. गॅस काढून विजेची शेगडी आणायची. बाटल्यांवर नावं लिहायची. यातलं एक जरी नाकारलं तर दिलीपला मी स्वतः फोन करणार. "मास्तरीण ती मास्तरीणच," त्या म्हणाल्या, "आना तुमचा डिंक."

डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलं आणि वास काही परत आला नाही. शेगडी आली. त्या तिला 'तुमची इंग्रजी चूल' म्हणत. बारसं मात्र रीतसर झालं: मी वास घेऊन सांगायची, त्या नाव ठरवणार, मी लिहायचं. पालक, गाजर, शेवगा सरळ निघाले. हिरव्या मिरचीची बाटली आली तेव्हा त्यांनी माझं नाव लिहायला सांगितलं. मी कारण विचारलं. "वळख पटाया नगं का?" त्या म्हणाल्या. मी लिहिलं. कुणाच्याही बारशात काही तरी सोसावं लागतं.

त्यानंतर त्या स्वतःच्या घरात राहिल्या आणि त्यांनी माझ्या गच्चीवर राज्य केलं. दारातली परीक्षाही शेवटपर्यंत चालू होती. उत्तर आता चिठ्ठीवर असे आणि ती चिठ्ठी त्यांच्या अंगठ्याखाली. यंदा संक्रांतीच्या आधी, दुपारी, कोबी निथळत ठेवून त्या जरा आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. कोबी मी वाळवला. तुमच्या नव्या पाकिटात तोच आहे.

गेल्या आठवड्यात दिलीप घर आवरायला आला. बाटल्या टोपलीत भरून माझ्याकडे घेऊन आला, माझ्या नावाची सगळ्यात वर. त्याने ती उघडली, वास घेतला आणि त्याला ठसका लागला. मग चिठ्ठीवरचं अक्षर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बाटलीकडे.

"मॅडम," तो म्हणाला, "वास येत असता तर आईने चिठ्ठ्या लावू दिल्या नसत्या. तुम्ही त्या दिवशी बाटली दिली नव्हती."

"नव्हती."

तो टोपलीशेजारी जमिनीवर बसला. सावलीत पसरलेल्या कोथिंबिरीचं एक पान त्याने हातात चुरलं. "मी तिला नेलं असतं," एवढंच म्हणाला. मी चहा केला.

तेव्हा आता तुमच्या बाबांना हे वाचून दाखवा. त्या दिवाळीपासून ते दर फोनवर बोलण्याच्या ओघात मला वार विचारतात आणि उत्तर बरोबर आलं की हळूच सुस्कारा टाकतात. मी त्यांना दर वेळी न रागावता वार सांगत आले, कारण शेजारच्या घरात दिवा लागलेला दिसत होता. आता तो लागत नाही. आज गुरुवार आहे, आणि यापुढे त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघावं.