निर्व्यसनी मामा

तंबाखू कुठल्या गालात ठेवायची याचंही आमच्या मामांचं शास्त्र होतं. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. डाव्या गालात पांढरा चट्टा आला तेव्हा म्हणाले, "चुन्यानं भाजलं. ह्या रानाला जरा इसावा दिला की गवत आपसूक फुटतं." आणि तंबाखू उजव्या गालात गेली.

दुष्काळात कळप विकून ते पिशोरकडून शहरात आले होते. शहरात प्यायला टँकरचं पाणी, पण इमारती रोज वर चढत होत्या. तशाच एकीवर मामा वॉचमन झाले. येणाऱ्याला नाव नंतर विचारायचे, आधी मळलेली तंबाखू पुढं करायचे. "बिडी नाय, दारू नाय. माझ्यासारखा निर्व्यसनी दाखव!"

मी घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे कुणाला विसरू देत नसे. म्हटलं, "मामा, तंबाखूनं कॅन्सर होतो. दवाखान्यात चला."

"तुझी डिग्री इतिहासाची. माझ्या तोंडाचं तुला काय कळतंय, ग्रॅज्वेट?"

मला राग आला. चार महिने तिकडं फिरकलो नाही. तोवर तोंडात दोन बोटं जाईनात, भाकरी दुधात कुस्करून गिळायची वेळ आली, मानेला गाठ आली. शेवटी मामीनं मला बोलावलं आणि आम्ही त्यांना रिक्षात कोंबलं.

डॉक्टर म्हणाले, "नुसता चट्टा होता तेव्हा आला असता तर थोडक्यात भागलं असतं. आता जबडा कापावा लागेल, मानेच्या गाठी काढाव्या लागतील, रेडिएशनचे शेक द्यावे लागतील. तरी खात्री देत नाही."

"सायेब, खरं सांगा. असं मेंढरू तुमी ठेवलं असतं का इकलं असतं?"

डॉक्टर हसले नाहीत. "ठेवलं असतं."

"मग कापा."

अर्धा जबडा गेला. बोललेलं निम्मं कळेना, म्हणून मामा दुप्पट बोलू लागले. गेटवर गवंडी, सेंट्रिंगवाले, सगळ्यांना आ करायला लावून बॅटरी मारायचे. इंजिनियरलाही सोडलं नाही. माझं तोंड बघून म्हणाले, "इतिहास बरा हाय."

दोन वर्षांनी दुखणं मानेत परतलं आणि मामा गेले. तेराव्याला सिल्लोडचा एक शेख गवंडी आला. मामीला म्हणाला, "मामूनं मला ओढत दवाखान्यात नेलं. छोटाच डाग होता, काढून टाकला. डॉक्टर बोले, वक्त पे आया."

"दाखव, बाबा," मामी म्हणाली.

भर पंगतीत तो आ वासून उभा राहिला. वाढपी खोळंबले, मागं कुणीतरी ओरडलंही. मामी बराच वेळ आत बघत होती.

"लई चांगलं भरलंय," ती म्हणाली, आणि स्वतः त्याच्यासाठी पान मांडायला गेली.