फ्रान्समधलं आमचं न पाहिलेलं गाव

फ्रान्समधलं एक गाव मला आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायपेक्षा जास्त पाठ आहे, आणि तिथे मी कधी पाऊल टाकलेलं नाही. नदी तीन बाजूंनी वळसा घालते, मधल्या टेकाडावर मूठभर दगडी घरं, उतारावर अक्रोडाच्या बागा. वर जाड भिंतींचं जुनं चर्च, खाली नदीकाठी कपडे धुवायचं छपराखालचं कुंड, आणि चौकात लाकडी खांबांवर उभा असलेला बाजाराचा मांडव. धान्याची मापं तिथे दगडातच कोरलेली आहेत, म्हणजे व्यापाऱ्याला लबाडी करायची सोयच नाही.

हे सगळं माझ्या नवऱ्यामुळे. तो नागपूरचा आर्किटेक्ट. कॉलेजात असताना त्याने या मांडवाची ड्रॉइंग्ज केली होती. पुढे माझ्या नोकरीपायी अमेरिकेत आला आणि नोकरीची परवानगी नसलेल्या डिपेंडंट व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसला. मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायचे. तो मुलीला शाळेत सोडायचा, स्वयंपाक करायचा आणि दुपारी कॉम्प्युटरवर त्या गावात फिरायचा. संध्याकाळी मी दारात बूट काढते न काढते तोच सुरू व्हायचा, "अगं, आज चर्चच्या मागून नदीकडे उतरणारी वाट सापडली." मी दमलेली असायचे. "बरं," म्हणायचे. तेवढंच.

त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. एकदा तिथे जाऊ या.

पण ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत आमच्यासारखी माणसं देशाबाहेर जायच्या नुसत्या विचाराने गारठतात. एअरपोर्टवर अडकलेल्या कुणाच्या तरी मेव्हण्याची गोष्ट प्रत्येक पॉटलक जेवणाला ऐकायला मिळते. तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा मी वकिलांना मेल केला. परत यायच्या परवानगीचा कागद तुमच्याकडे आहे, खुशाल जा, असं त्यांनी कळवलं. आणि मी घरी येऊन म्हटलं, "वकील नको म्हणतायत. कॅन्सल करू या."

माझी छाती झाली नाही, दुसरं काही नाही. नोकरी, घर, मुलीची शाळा, सगळं त्या एका कार्डाला टांगलेलं. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "ठीक आहे यार, नेक्स्ट इयर," म्हणाला आणि कणीक मळायला घेतली.

पुढच्या फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना तो कोसळला. उठलाच नाही. लोक भेटायला येत, डबे ठेवून जात, आणि मला त्या प्रत्येकाचा राग येई.

वकिलांना कळवणं भाग होतं. मृत्यूचा दाखला पाठवायला मुलगी त्याचा लॅपटॉप घेऊन बसली. "आई, विच वन डू आय रिप्लाय टू?" मी वाकून पाहिलं. अर्ज दोघांचा, म्हणून वकिलांचा प्रत्येक मेल दोघांना जायचा. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. 'खुशाल जा' हा मेलही त्याला आलेला होता, उघडून वाचलेला. मी कॅन्सल म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फक्त वकिलांना उत्तर पाठवलं होतं: आभार. माझ्या बायकोच्या मनाची तयारी झाली की आम्ही जाऊ. तोवर कृपया तिच्याकडे हा विषय काढू नका, तिला ओशाळल्यासारखं होईल.