त्याला प्रश्नच कळला नव्हता

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतच्या कोर्टात एका खटल्याची पुढची तारीख घेत होतो. साक्षीदार आला नव्हता. मागच्या खेपेला तपास अधिकारी नव्हते, त्याआधी न्यायाधीश रजेवर. आरोपी मात्र दर वेळी हजर! फोन ठेवला आणि दुःखाच्याही आधी वैताग आला... आता या सगळ्यावरून माझ्याशी भांडणार कोण?

सुमनताई वकील नव्हत्या. सुरतच्याच पांडेसरा भागातल्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर चौथीचा वर्ग घेतला. निवृत्तीनंतर एखाद्या विद्यार्थ्याचा बाप पोलिसांच्या तावडीत सापडला, की त्या माझ्या ऑफिसात येऊन ठाण मांडायच्या आणि आरोपपत्राची ओळन् ओळ मला मराठीत सांगायला लावायच्या. बाहेर अशिलांची रांग लागलेली असायची. मी चिडायचो. त्यांच्यावर काडीचा परिणाम व्हायचा नाही.

भिका हा अशाच एका मुलीचा बाप. मूळचा खानदेशातला, डाईंग मिलमधला कामगार. मिलमधून कापडाचे ताके चोरीला गेले आणि पोलिसांनी त्याला उचललं. जामीन राहायला कुणी नाही, म्हणून ताईंना कळेपर्यंत तीन महिने तुरुंगात. मी व्यवहारी तोडगा काढला. गुन्हा कबूल केला, की भोगली तेवढी कैद पुरे म्हणून कोर्ट सोडून देतं. रोज सुटतात माणसं अशी. त्याला एवढंच सांगितलं, "साहेब विचारतील तेव्हा हां म्हण."

न्यायाधीशांनी गुजरातीत आरोप वाचला. भिका म्हणाला, "हां." तेवढ्यात मागच्या बाकावरून सुमनताई उभ्या राहिल्या.

"साहेब, त्याला प्रश्नच कळला नाही."

"बेन, तमे कोण?"

"मी शिक्षिका. मुलाला प्रश्न कळला नसेल, तर त्याच्या उत्तराला मी कधी मार्क दिले नाहीत."

न्यायाधीश वैतागले, पण भिकाला अहिराणीत विचारायची ताईंना परवानगी दिली. भिका खाली मान घालून म्हणाला, "माले काही नही समजनं, बाई. वकीलसायबनी सांगं, हां म्हन."

भर कोर्टात! बाहेर आल्यावर मी ताईंवर ओरडलो, "आज घरी गेला असता तो!"

"चोर म्हणून," त्या म्हणाल्या. "चोरी केली का त्यानं?"

"नाही हो, पण..."

"मग पण कसला?"

जामीन त्या स्वतः राहिल्या. खटला पुढं तीन वर्षं रखडला. प्रत्येक तारखेला भिकाचा कामावर खाडा, शेवटी मिलमधली नोकरीही गेली. तेव्हा मी ताईंना टोचून बोललो, तेही मान्य करतो. अखेर चोरीच्या वेळी तो दुसऱ्याच खात्यात पाळीवर होता, हे मिलच्याच हजेरीतून सिद्ध झालं आणि तो निर्दोष सुटला. गेलेल्या वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पुढं त्याला हजीऱ्याच्या मोठ्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम लागलं. नावावर गुन्हा नाही याची पोलिसांकडून खात्री केल्याशिवाय तिथं गेटच्या आत घेत नाहीत. मी म्हणायला लावलेल्या "हां"वर त्याला तिथं कुणी उभं केलं नसतं.

गेल्या आठवड्यात एका बाईंना मी त्यांच्यावरचा आरोप समजावला. त्यांनी लगेच मान डोलावली.

"काय समजलं, ते तुमच्या शब्दांत सांगा," मी म्हणालो.

माझ्या कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? काहीच नाही."

मी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.