मोझेसकाकांचा उजवा हात

मोझेस साळवे यांच्या वडिलांना शेवटी शेवटी पाण्याचा पेलाही धरता येत नव्हता. कंपवाताने आधी हात गेले, मग बोलणं, मग गिळणं. मोझेसनीच त्यांचं सगळं केलं होतं. म्हणून सावेडीच्या पूल पार्लरमध्ये ऐन शॉटच्या वेळी क्यूचं, म्हणजे बॉल मारायच्या काठीचं, टोक हललं, तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

एमआयडीसीत लेथवर उभं आयुष्य गेलेला माणूस. ड्यूटी सुटली की टेबलावरचा पूलचा खेळ, एवढाच शौक. समोरचे सरळ बॉल अजून पॉकेटात जायचे. पण पांढरा बॉल लांबून आणून दुसऱ्याला नुसता कडेला घासायचा असला, की नेम चुकायचा. तसले शॉट त्यांनी सोडूनच दिले. घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. बटणं लावताना बायको खोलीत आली की पाठ फिरवायचे.

"अहो, काय लपवताय?" हन्नाने विचारलं.

"काही नाही. थंडी वाजतीय."

दिवस मे महिन्याचे होते.

पार्लर चालवणारी सुकन्या स्वतः स्पर्धा खेळलेली. एका दुपारी तिने मुद्दाम तसाच अवघड बॉल मांडला. "काका, हा मारा."

"नको गं. हात ऐकत नाही."

"मारा तर."

बॉल चुकला. मोझेसनी क्यू लगेच टेबलावर ठेवून दिला.

"हात चांगला चालतोय," सुकन्या म्हणाली. "पण मारताना तुम्ही मूठ आवळता आणि डोकं वर काढता. कशाला एवढं घाबरता?"

वडिलांबद्दल ते तेव्हा पहिल्यांदा बोलले. सुकन्याने तो बॉल पुन्हा जागेवर मांडला. "आजाराचं मला कळत नाही, काका. ते डॉक्टरांना विचारा. मुठीचं मात्र कळतं."

तिने शिकवलं. पांढरा बॉल नेमका कुठे जाऊन टेकायचा, ते उभ्यानेच ठरवायचं. वाकल्यावर बदलायचं नाही. क्यू बोटांवर सैल पेलायचा. मारून झाल्यावरही मान हलवायची नाही. आधी जवळून, मग हळूहळू लांबून. महिन्याभरात कडेचे बॉल पडायला लागले.

आणि मग त्यांना खरं काय ते दिसलं. आपली पाळी येईपर्यंत ते खुर्चीत बसले होते. हात मांडीवर निवांत पडला होता, आणि अंगठा आपला आपण हलत होता. क्यू धरला की थांबायचा; ठेवला की पुन्हा सुरू.

घरी येऊन त्यांनी हन्नाला हात दाखवला. सकाळी ती त्यांच्यासोबत दवाखान्यात आली. डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, आणि सांगितलं, "कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्यांनी बरंच आवरेल."

"खेळू का?" मोझेसनी विचारलं.

"रोज खेळा."

त्या संध्याकाळी हन्नाही पार्लरमध्ये येऊन बसली. लांबचा एक बॉल मोझेसनी अचूक घातला. सुकन्याने टाळी वाजवली. हन्नाने मात्र बॉलकडे पाहिलंच नाही. मोझेस शेजारी येऊन बसले, तसा तिने त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. आतमध्ये अंगठा हलतच होता.