सल्लागारबाईंची सनद

त्या सकाळी सल्लागारबाईंचे पाऊल जमिनीवर ठरत नव्हते. व्यवस्थापन सल्लागारांच्या परिषदेने यंदापासून व्यवसायाची सनद देण्याचे ठरवले होते आणि पहिल्याच तुकडीत बाई परीक्षेला बसल्या होत्या. लेखी भाग उरकला होता, आज मौखिक. कारखान्यांचे उंबरे झिजवण्यात हयात गेलेली, मस्तकावर शुभ्र केस. पण अंतःकरण मात्र नवागत विद्यार्थिनीसारखे उचंबळत होते.

"वहिनी, नापास झालात तर आम्ही तोंड कुठे लपवायचं?" त्यांच्या पर्समध्ये चष्म्याची डबी कोंबत नणंद म्हणाली.

"तुमचं तुम्ही बघा. मी पुढच्या वर्षी पुन्हा बसेन."

थट्टेमागचे शल्य दोघींनाही ठाऊक होते. बाईंच्या थोरल्या भावाचा छापखाना होता. मधाळ वाणीचा एक गृहस्थ सल्लागार म्हणून तिथे शिरला. त्याने चालती यंत्रे विकायला लावली, मुरलेले कामगार घरी बसवले. आणि छापखान्याला टाळे लागल्यावर तोच गृहस्थ दुसऱ्या शहरात नवी पाटी लावून बसला. त्याला जाब विचारणारी संस्थाच नव्हती. रुग्णाच्या देहाला शस्त्र लावायचे तर वैद्याला सनद लागते, न्यायासनापुढे उभे राहायचे तर वकिलाला लागते. परंतु शेकडो कुटुंबांच्या योगक्षेमावर सुरी चालवणाऱ्याला एक छापील कार्ड पुरत होते!

तेव्हापासून बाईंनी सनदेचा ध्यास घेतला. सभासभांतून त्या आग्रह धरीत आणि व्यवसायबंधू टोमणे मारीत, "बाईंना आता या वयात आम्हाला बाकावर बसवायचंय!" म्हणून प्रथम स्वतः बाकावर बसणे हे बाईंना आपले कर्तव्य वाटले. आज त्या अनुत्तीर्ण झाल्या असत्या, तर केवळ त्यांचे हसे होऊन भागले नसते. सनदेच्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत पडले असते.

मौखिक परीक्षेची रीत मोठी विलक्षण होती. उत्तरे द्यायची ती उमेदवाराने नव्हे, ज्याला सल्ला दिला त्या उद्योजकाने. उमेदवाराने मागे बसून मौन पाळायचे. बाईंनी साबणाच्या कारखान्याचे मालक बोलावले होते. साबणवाले कडक इस्त्रीचा कोट चढवून आले होते आणि बाईंना आकाशाला नेऊन भिडवायचे, असा त्यांचा संकल्प होता.

"बाईंनी तुमच्याकडे काय केलं?" अध्यक्षांनी विचारले.

"काय नाही केलं ते विचारा!"

"बरं, उद्या त्या नसल्या तर कारखान्याचं कसं होईल?"

"त्या नसल्या तर?" साबणवाल्यांनी टेबलावर थाप मारली. "साहेब, त्यांच्याशिवाय आमच्याकडे पानही हलत नाही!"

बाईंच्या काळजात चर्र झाले. आपल्यावाचून चालेल अशी घडी बसवून सल्लागाराने बाहेर पडावे. ज्याचा ग्राहक परावलंबी राहिला त्याला सनद नाही. हा नियम आचारसंहितेत घालावा म्हणून भांडल्या होत्या त्या स्वतः बाईच! परीक्षकांच्या लेखण्या झरझर चालू लागल्या. ओठांवर आलेले शब्द बाईंनी गिळले. मौन म्हणजे मौन.

"त्या शेवटच्या कधी आल्या होत्या?" अध्यक्षांनी सहज विचारले.

साबणवाल्यांचा चेहरा पडला. त्यांनी चोरट्या नजरेने मागे पाहिले.

"आता विचारलंतच म्हणून सांगतो. बाई, रागावू नका हं. मध्यंतरी आमच्या साबणाच्या वड्यांना तडे जायला लागले. माल परत यायला लागला. मी यांना फोन केला, गाडी पाठवतो म्हटलं. तर म्हणतात कशा, 'मी येणार नाही. सोमवारच्या बैठकीत मांडा.' आणि फोन ठेवला! चक्क ठेवला हो!"

"मग?"

"मग काय करता! बसलो सगळे. मिश्रणवाले वाळवणवाल्यांवर घसरले, वाळवणवाले मिश्रणवाल्यांवर. पण यांनीच सवय लावलेली, भांडण बाजूला ठेवून एकेक टप्पा बघायचा. बघता बघता सापडलं. वाळवायच्या खोलीत नवे पंखे लावले होते. वडी वरून सुकायची, आत ओलीच. पंखे मंद केले, तडे बंद!"

"म्हणजे दोष तुम्हीच शोधलात?"

"आम्हीच! त्या कुठे आल्या?" साबणवाले तावातावाने म्हणाले आणि लगेच वरमले. "पण हे तक्रार म्हणून लिहू नका हं. बाई देवमाणूस आहेत."

"तक्रार कसली," अध्यक्षांना हसू आवरेना. "इतका वेळ आम्ही हेच तर शोधत होतो!"

बाईंचे डोळे भरून आले. हसू की रडू, त्यांनाच कळेना.

दुपारी निकाल लागला. बाहेर नणंदेने त्यांना भर रस्त्यात मिठी मारली. साबणवाले मात्र गोंधळून विचारत राहिले, "पण मी नेमकं काय चांगलं बोललो?"

बाईंनी भावाला फोन लावला. "दादा, मिळाली! पहिल्या तुकडीची सनद!"

पलीकडून दादांचा स्वर आला, कित्येक वर्षांत ऐकला नव्हता असा खणखणीत. "ये घेऊन. आज तो गृहस्थ दारात आला असता ना, तर मी आधी हात पुढे केला असता. म्हटलं असतं, बोलणं राहू दे बाबा, सनद दाखव!"